आतून फिरवलेलं बोट

मर्सेलाने पुढचं चाक काउंटरवर आपटलं नाही, हळूच ठेवलं. एलॉयला त्याचीच भीती वाटली. आरडाओरडा करणाऱ्या गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते सायकल दुरुस्तीच्या छत्तीस वर्षांत त्याला पाठ झालं होतं.

“तिसऱ्यांदा,” ती म्हणाली. “एका महिन्यात. आणि दर वेळी पुढचंच. उस्ताद, आता तुम्हीच सांगा, सायकल डोक्यावर घेऊन चालू का मी?”

“कुठे झालं?”

“डोंगरावर. दुसरीकडे कुठे होणार? उतरताना वळणावर हँडल एकदम मऊ पडलं, लोण्यात रुतल्यासारखं. कशीबशी कडेला आले. जवळची ट्यूब आधीच्याच पंक्चरला वापरून झालेली. वरून गारा. फोन तिथे लागत नाही. दीड तास एका पाटीच्या आडोशाला बसले होते. शेवटी एका म्हाताऱ्या जोडप्याने गाडीत घेतलं, आणि त्यांच्या कुत्र्याने सगळी वाट माझ्या मांडीवर झोप काढली.”

ती हसली, पण चाकावरचा हात तिने काढला नव्हता. मर्सेला टफोया चव्वेचाळीस वर्षांची होती. अल्बुकर्कीच्या दक्षिण भागातल्या एका डायलिसिस केंद्रात ती आठवड्याचे पाच दिवस लोकांना यंत्राला जोडायची आणि चार तासांनी सोडवायची. बुधवार तिचा सुट्टीचा. त्या दिवशी ती सायकलने सँडिया डोंगराच्या माथ्यापर्यंत चढायची, साडेदहा हजार फुटांवर, आणि तिथे भिंतीवर बसून काहीतरी खायची. वर कुठलंच यंत्र वाजत नाही, एवढंच कारण तिने एकदा सांगितलं होतं.

आज बुधवारच होता.

एलॉयने लिव्हर लावून टायर उतरवला. ट्यूब ओढून काढली आणि न बघताच खालच्या टोपलीत टाकली. मग डाव्या हातात टायर फिरवत उजव्या हाताची दोन बोटं आतून फिरवली. या गावात सायकल दुरुस्त करायची म्हणजे अर्धा दिवस सराटे उपटायचे. उन्हाळ्याअखेर रस्त्याच्या कडा सराट्यांनी भरलेल्या असतात. बाहेरून सराटा दिसतो. पण तुटलेलं टोक, काचेचा कण, ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून उडालेली केसाएवढी तार रबरात बुडून बसते आणि आतल्या बाजूनेच डोकं काढते. ती बोटालाच लागते.

बोटाला काही लागलं नाही. टायर सुरुवातीपासून शेवटपर्यंत गुळगुळीत होता.

“आत काही आहे का?” मर्सेलाने विचारलं.

दोन आठवड्यांपूर्वी तिने हेच विचारलं होतं आणि एलॉयने ‘नाही’ म्हटलं होतं.

“नाही, मिहा. बघितलं मी.” त्याच्या वयाचे लोक इथे चाळिशीतल्या बाईलाही मिहाच म्हणतात, आपलीच पोर असल्यासारखं.

“म्हणजे टायरच फालतू आहे.”

“पातळ आहे,” तो म्हणाला. “पळायला चांगला. सराट्यांसाठी नाही.”

“मग मला पंक्चर न होणारा द्या.”

“आहे की. ट्रॅक्टरचा.”

“उस्ताद, मी गंमत करत नाहीये. परवा रात्री स्वप्नात मी त्या पाटीखाली बसले होते. मला भीती वाटायला लागलीये. भीती वाटली की मी ब्रेक दाबून धरते, आणि ब्रेक दाबून धरले की हात दुखतात, मग अजून भीती वाटते.”

त्याने काउंटरवर दोन टायर ठेवले. आधी तिच्या सायकलीच्या फ्रेममधली फट मोजली. अठ्ठावीस मिलिमीटरच्या पुढे जागा नव्हती.

“हा मधला,” तो म्हणाला. “रस्त्याला लागतं त्या रबराखाली विणलेला एक पट्टा आहे. बहुतेक सराटे तिथेच थांबतात. वजन थोडं जास्त, पण वळणावर रस्ता धरून ठेवतो. आणि हा दुसरा. याच्यात पट्टा रबराचाच, तीन नाण्यांएवढा जाड, कडांनाही विणलेलं कापड. सराटा आतपर्यंत पोचतच नाही. पण जड आहे, ताठ आहे. थंडीत आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी. चढवायला तर इतका घट्ट, की रस्त्यात काही झालंच तर तुझ्या एकटीच्या हातांनी निघेल याची खात्री नाही.”

“पण काही होणारच नाही ना?”

“जवळजवळ नाही.”

“तुमच्या मुलीसाठी कुठला लावाल?”

एलॉयला खरं उत्तर माहीत होतं. मधला. तिचा जुनाही वाईट नव्हता. पण मधल्यालाही पुढच्या बुधवारी पंक्चर झालं तर ती चौथ्यांदा इथे उभी राहील, चाक हळूच ठेवेल, आणि तेव्हा ती टायरकडे बघणार नाही, त्याच्याकडे बघेल.

“जाड,” तो म्हणाला.

त्याने जाड टायरची जोडी चढवली. शेवटची वीतभर कड काही केल्या रिमवर बसेना, तेव्हा लिव्हर लावली. मर्सेला तिच्या केंद्रातल्या एका नव्वद वर्षांच्या पेशंटची गोष्ट सांगत होती, जो यंत्राला जोडल्या जोडल्या नर्सला लग्नाची मागणी घालतो. एलॉय हसत तिच्याकडे बघत होता आणि त्याचे अंगठे सवयीने रिमभोवती फिरत होते, कड आत दाबून ट्यूब कुठे चिमटली आहे का ते चाचपत. छत्तीस वर्षं तो हे असंच करत आला होता, डोळे गिऱ्हाइकाकडे आणि अंगठे चाकावर. मग त्याने हवा भरली.

“जुने टायर खुंटीला लावा,” ती जाताना म्हणाली. “लागतील कोणाला तरी.”

दुकानाच्या दाराशी एक खुंटी होती. वापरलेले पण चांगले टायर तिथे लटकायचे. ज्याला नवे परवडत नाहीत त्याने न विचारता न्यायचे. ही पद्धत जुन्या मालकाने सुरू केली होती आणि आता त्याची मुलगी बर्नाडेट चालवत होती. अट एकच होती. प्रत्येक टायरला पांढरं कार्ड, त्यावर ‘तपासला’, आणि खाली तपासणाऱ्याची आद्याक्षरं. कार्डावर गेली कित्येक वर्षं एकाच माणसाची, एलॉयची, अक्षरं होती. लोक टायर बघत नसत, ती अक्षरं बघून घेऊन जात.

दुपारी बाराच्या सुमाराला एलॉयने मर्सेलाचा पुढचा टायर पुन्हा हातात घेतला. आतून बोट फिरवलं. गुळगुळीत. कार्ड लिहिलं, दोऱ्याने बांधलं, टायर खुंटीला अडकवला आणि मागे सरकला.

कार्डावर लाल ठसा होता.

त्याने आपला हात बघितला. तर्जनीच्या पेरावर मोहरीएवढा रक्ताचा थेंब होता. दुखत नव्हतं. कधी टोचलं तेही कळलं नव्हतं.

त्याने टायर उतरवून खिडकीपाशी नेला आणि कडा फाकवल्या. आत एक बारीक लाल रेघ होती. ती टायरच्या एका ठिकाणी सुरू होत होती आणि त्याचं बोट जिकडे गेलं होतं तिकडे फिकट होत संपत होती. जिथे सुरू होत होती तिथे, उजेडात तिरकं धरल्यावर, तारेचं टोक चमकलं.

मग त्याने सकाळी न बघता टाकलेली ट्यूब टोपलीतून काढली. तो टायर नेहमी एकाच पद्धतीने चढवायचा, टायरवरचं नाव बरोबर ट्यूबच्या हवा भरायच्या तोंडासमोर. म्हणजे ट्यूबला कुठे भोक पडलं ते कळलं की टायरमध्ये कुठे बघायचं ते कळतं. त्याने नाव आणि तोंड जुळवलं. ट्यूबवर त्यानेच लावलेलं एक ठिगळ होतं, आणि त्याच्या शेजारी, नाण्याएवढ्या जागेत, नवं भोक. दोन्ही त्या तारेवर येत होती.

त्याने चिमट्याने तार ओढली. तांदळाच्या कणीएवढी होती.

दोन वर्षांपूर्वी आतड्याच्या कर्करोगासाठी त्याने केमो घेतली होती. आजार गेला. बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या आणि मग मुंग्याही गेल्या. डॉक्टर म्हणाले होते, नसा हळूहळू परततात, कधी परततही नाहीत. ताकद होती तशीच होती. पाना धरता यायचा, आरे ताणता यायचे. फक्त शर्टाची बटणं बघून लावावी लागायची. मागच्या हिवाळ्यात त्याने तव्यावरची टॉर्टिया हाताने उचलली आणि तशीच धरून बायकोशी, ओफेलियाशी, बोलत राहिला. जळकट वास तिला आला. “दुकानात सांग,” भाजलेल्या बोटांना मलम लावताना ती म्हणाली होती. “नाहीतर मी सांगेन.” त्याने तिला शपथ घातली होती. सांगितलं तर बर्नाडेट त्याला काढणार नाही, हे त्याला माहीत होतं. ती त्याला काउंटरवर बसवेल, हेल्मेटं विकायला.

कापूसही त्याला माहीत होता. टायरच्या आत कापूस फिरवला की काट्याला धागा अडकतो; नवखे लोक तसंच करतात. तो त्यांना हसायचा. कापूस नुसता अडकतो, काय अडकलं ते बोट सांगतं, असं म्हणायचा.

गोळ्यांच्या बाटलीतला कापसाचा बोळा काढून त्याने बोटावर दाबला. आणि तेव्हा त्याला सकाळचे अंगठे आठवले.

त्याने बघितलं नव्हतं. पुढच्या चाकाकडेही नाही, मागच्याकडेही नाही. तो त्या नवरदेव म्हाताऱ्यावर हसत होता. शेवटची कड लिव्हरने बसवली होती, आणि घट्ट टायरखाली ट्यूबची घडी चिमटायची ती तिथेच. चिमटलेली ट्यूब लगेच फुटतेच असं नाही. सपाट रस्त्यावर ती तासन्‌तास टिकते. चढावर तर वेगच नसतो. पण उतारावर ब्रेक लागतात, रिम तापते, आतली हवा तापते, दाब वाढतो, आणि कड उचलली जाऊन ट्यूब एकदम फुटते. मर्सेला आता ब्रेक दाबून धरूनच उतरायची. ते तिनेच सांगितलं होतं.

त्याने फोन लावला. लागला नाही.

“काका, जेवला नाहीत?” बर्नाडेट मागच्या खोलीतून आली. तिच्या हातात हिरव्या मिरचीचा बरिटो होता. “अर्धा तुमचा आहे.”

“मी जरा वर जाऊन येतो.”

“वर म्हणजे? डोंगरावर? आत्ता?”

“मर्सेलाचं चाक,” तो म्हणाला. बर्नाडेटने त्याच्या बोटावरचा कापूस पाहिला, खुंटीवरून काढलेला टायर पाहिला, आणि ट्रकची किल्ली त्याच्यापुढे सरकवली.

झाडी सुरू झाल्यावर रस्ता वळायला लागला. एलॉय ट्रक हळू चालवत होता, कारण प्रत्येक वळणावर त्याला दरीकडच्या कडेला बघायचं होतं. सकाळी तिच्या अंगात पिवळा शर्ट होता. एका वळणाच्या खाली काहीतरी पिवळं दिसलं आणि त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. रस्ताकामाची पडलेली पाटी होती. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला.

पुढच्या उतारावरून एक सायकल आली, वाकलेली, वेगात. पिवळं. त्याने दिवे चमकवले, हात बाहेर काढून थांब थांब केलं. जवळ आल्यावर दिसलं की तो दाढीवाला पुरुष होता. त्याने जाता जाता एलॉयला मधलं बोट दाखवलं. एरवी एलॉय हसला असता. आता तो नुसता त्या माणसाच्या चाकांचा आवाज ऐकत राहिला, नाहीसा होईपर्यंत. चाकं नीट चालली होती.

वर पोचेपर्यंत ती भेटली नाही. म्हणजे ती उतरायला लागली नव्हती. किंवा तो ज्या वळणावर पुरेसं वाकून बघू शकला नाही तिथे होती. शेवटचा मैलभर तो दुसऱ्याच शक्यतेबरोबर चालला.

मर्सेला भिंतीवर बसली होती. जाकिटाची टोपी ओढून, डब्यातलं काहीतरी चमच्याने खात. सायकल शेजारी टेकलेली.

“उस्ताद?” ती म्हणाली. “माझी बाटली राहिली का दुकानात?”

एलॉयला बोलायला दम मिळेना. चढला ट्रक होता, धाप त्याला लागली होती.

“चाकं तपासायची. दोन्ही. त्याआधी खाली जायचं नाही.”

“काय झालं?”

त्याने खिशातून कापसात गुंडाळलेली तार काढून तिच्या डब्याच्या झाकणावर ठेवली. “तुझ्या जुन्या टायरमध्ये होती. महिनाभर. टायर चांगला होता. ही मला लागली नाही.”

ती तारेकडे बघत राहिली.

“सकाळी मी विचारलं होतं तुम्हाला.”

“हो.”

“आणि त्याच्या आधीही विचारलं होतं.”

“हो. माझ्या बोटांना काही कळत नाही, मर्सेला. दोन वर्षं झाली. केमोपासून. सकाळी तुझी चाकं मी अंगठ्यांनी तपासली. डोळ्यांनी नाही.”

वारा होता. तिने डब्याचं झाकण हाताने दाबून धरलं, तार उडू नये म्हणून.

“माझ्याकडे माणसं येतात,” ती म्हणाली. “दंडातल्या नसेत आत रक्त घुमत असतं, मांजर गुरगुरते तसं. ते बोटाला लागल्याशिवाय आम्ही सुई लावत नाही. मला कधी कधी लागत नाही. थंडी असते, झोप झालेली नसते, काहीही. मग मी हाक मारते, अगं, जरा इकडे ये, तू बघ. त्यात काय जातं? तुम्ही कोणालाच हाक मारली नाहीत.” तिचा आवाज चढला नव्हता. “गारांत बसले होते मी, उस्ताद.”

“माहीत आहे.”

“डोळे मिटा.”

त्याने मिटले. तिने त्याचा उजवा हात आपल्या तळहातावर घेतला.

“कोणतं बोट?”

तो थांबला. “अजून लावलंच नाहीस तू.”

त्याने डोळे उघडले. तिचं नख त्याच्या तर्जनीच्या टोकावर रुतलेलं होतं, खळगा पडेल इतकं.

मग ती उठली आणि तिने सायकल उलटी केली. “सांगा. काय करायचं?”

“थोडी हवा सोड. दोन्ही अंगठ्यांनी कड आत ढकल. खाली रिमची पट्टी दिसली पाहिजे. काळं मऊ काही दिसलं किंवा लागलं तर थांब.”

ती पुढच्या चाकाभोवती फिरली, एका बाजूने, मग दुसऱ्या. तिचे अंगठे छोटे होते आणि प्रत्येक दोन बोटांवर थांबत होते. काही नव्हतं. मागचं चाक घेतलं. एक बाजू झाली. दुसऱ्या बाजूला, हवेच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, ती थांबली. पुन्हा एकदा अंगठा तिथेच फिरवला.

“हे काय आहे?”

एलॉय गुडघ्यावर बसला. कडेखालून ट्यूबची ओठाएवढी घडी बाहेर डोकावत होती. लिव्हरची जागा.

“तेच,” तो म्हणाला.

सगळी हवा सोडून, तोंड आत ढकलून, कड हलवत हलवत ती घडी आत घालायला दोघांना पंधरा मिनिटं लागली. ताकद त्याची होती. बरोबर बसली की नाही ते ती सांगत होती. हवा भरताना तिने चाकाला कान लावला होता.

“ट्रकमध्ये टाकू सायकल?” त्याने विचारलं.

“नाही. बुधवार आहे.” तिने हेल्मेटचा पट्टा लावला, काढला, पुन्हा लावला. “माझे जुने टायर ठेवा. पुढच्या आठवड्यात तेच लावायचे. तुम्ही लावायचे आणि बर्नाडेटने बघायचे.”

“मी मागे राहतो.”

“राहा. हॉर्न वाजवू नका.”

खाली उतरेपर्यंत तिचे ब्रेक प्रत्येक वळणाच्या कितीतरी आधी लागत होते. एलॉयने सबंध वाट तिचं मागचं चाक सोडून काही पाहिलं नाही.

गुरुवारी दुकान उघडताना त्याने कापसाची पिशवी लिव्हरांच्या शेजारी ट्रेमध्ये ठेवली.

“कोणाला लागलं, काका?” बर्नाडेटने विचारलं.

त्याने सांगितलं. एक सायकल पुसायला लागतो त्याहून कमी वेळ लागला. बर्नाडेट हात पुसत ऐकत होती. बोलून झाल्यावर ती हेल्मेटांबद्दल काही म्हणेल म्हणून तो थांबला. ती म्हणाली, “बाबांना गुडघ्याच्या ऑपरेशननंतर खाली वाकता यायचं नाही. खालचे बोल्ट तुम्ही घट्ट करायचात. गिऱ्हाइकाला वाटायचं, बाबांनीच केले.”

“ते वेगळं.”

“कसं वेगळं?”

एलॉयने कापसाची पिशवी उघडली.

खुंटीला लावायला एक टायर आला होता. एलॉयने आतून कापूस फिरवला, सावकाश, दोनदा. काही अडकलं नाही. मग त्याने टायर काउंटरवरून तिच्याकडे सरकवला आणि वळसा घालून पलीकडे गेला, जिथे गिऱ्हाइकं उभी राहतात. बर्नाडेटने बोटं आत घातली. या कामात ती नवखी होती, हळू जात होती. तो हात मागे बांधून उभा राहिला.

“काही नाही,” ती म्हणाली.

त्याने पांढरं कार्ड घेतलं. ‘तपासला’ लिहिलं. खाली आधी तिची अक्षरं घातली, आणि त्याखाली, थोडी लहान, आपली.